पत्त्यांचं ते रजिस्टर आमचंही आहे

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ,

सादर नमस्कार.

आपल्या मंडळाने एप्रिलच्या बैठकीत माजी कार्यकर्ता कक्ष, म्हणजे संस्थेच्या जुन्या मदतकार्यकर्त्यांना एकमेकांशी जोडून ठेवणारा विभाग, बंद करण्याचा ठराव केला. त्याचं परिपत्रक आमच्यातल्या बहुतेकांना आलंच नाही. ज्या मोजक्या लोकांना आलं त्यांनी ते पुढे पाठवलं आणि तसं हातोहात ते माझ्यापर्यंत पोहोचलं. कक्षाचं काम थांबेल, ३० सप्टेंबरचा वार्षिक मेळावा यापुढे होणार नाही, संस्थेने दिलेले ई-मेल पत्ते बंद होतील आणि माजी कार्यकर्त्यांची माहिती कुणालाही दिली जाणार नाही, असं त्यात आहे. कारण म्हणून ‘प्रशासकीय सुसूत्रीकरण’ एवढंच लिहिलं आहे. मी मे महिन्यात आपल्याला पत्र लिहिलं. त्याची पोच आली, उत्तर आलं नाही. म्हणून आता हे सर्वांसमोर लिहिते आहे.

संस्थेचं नाव मी इथे मुद्दाम घेतलेलं नाही. आजही संस्थेची मुलं-मुली पूरग्रस्त गावांत चिखलात उभी राहून काम करतात. माझ्या तक्रारीमुळे एकाही देणगीदाराने हात आखडता घ्यावा असं मला वाटत नाही. ज्यांना कळायचं त्यांना संस्था कळेल. इतरांनी आपापल्या संस्थेत काय चाललंय ते बघावं, कारण निवृत्त मदतकार्यकर्त्यांची ही अवस्था एकाच ठिकाणची नाही.

मी सोलापूरची, पेशाने परिचारिका. १९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने जमीन हलली तेव्हा आम्हीही घराबाहेर पळालो होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून माणसं नुकती कुठे आडवी झाली होती. लातूर आणि धाराशिवच्या सीमेवरच्या त्या गावांत घरं दगड-मातीची, भिंती दोन-दोन फूट रुंद आणि वर मातीचं जड माळवद. भिंती फुटल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी, राजेगाव, एकोंडी, पेठसांगवी. सरकारी नोंदीनुसार सुमारे ८,००० माणसं गेली, लोक दहा हजार म्हणतात. मदत पोहोचू लागली तसा पाऊस लागला. पडलेल्या घरांच्याच तुळया आणि सरं सरणाला लावावी लागली.

जखमी सोलापूरला येऊ लागले. मी आधी त्यांची मलमपट्टी केली आणि नंतर त्यांच्या गावांत गेले. रुग्णालयातली नोकरी सोडून आपल्या संस्थेत आले ती निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. पत्र्याच्या शेडमध्ये चालणारा दवाखाना, बाळंतपणं, जुलाबाची साथ पसरू नये म्हणून पाण्यात टीसीएल पावडर घालत घरोघर फिरणं, हे माझं काम. पण या पत्रात मला माझ्या कामाबद्दल सांगायचं नाही. ज्यांच्या बरोबर ते केलं त्या माणसांबद्दल सांगायचं आहे.

त्यात गाडीवरचे मामा होते. त्यांनी आठवडाभर मृतदेह वाहिले आणि त्याच जीपमधून नंतर मुलांसाठी दूध आणलं. स्वयंपाकाच्या मावशी होत्या. कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावांत कन्नड बोलणाऱ्या म्हाताऱ्यांचं म्हणणं डॉक्टरांना मराठीत सांगणारा अकरावीतला मुलगा होता. आणि ज्यांचं स्वतःचंच घर गेलं होतं अशी माणसं होती. सास्तूरकडच्या एका ताईंची दोन मुलं गेली. दिवस घालून झाल्यावर त्या आमच्या शेडमध्ये आल्या आणि ‘मला काहीतरी काम द्या’ म्हणाल्या. पुढची काही वर्षं पुनर्वसनाच्या कामात गावच्या बायकांना सभेला आणणं, घराचा आराखडा समजावून सांगणं, तक्रारी लिहून घेणं हे सगळं त्यांनी केलं. ५२ गावं नव्या जागी उभी राहिली. ती सिमेंट-लोखंडाने उभी राहिली तशी या माणसांच्या पायपिटीनेही राहिली.

याच माणसांतले काही २००१मध्ये कच्छला गेले. २६ जानेवारीला भूज, भचाऊ, अंजार, रापर भागात भूकंप झाला तेव्हा आपल्या गवंड्यांना तिथे बोलावणं आलं. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड कसे बसवायचे, दरवाजा-खिडक्यांच्या वर सलग पट्टी का ओतायची, हे किल्लारीत शिकलेल्या माणसांनी भचाऊच्या गवंड्यांना हाताला धरून शिकवलं. लातूर भागातल्या बायका तिथल्या बायकांजवळ बसल्या. भाषा येत नव्हती, तरी तंबूत राहणं म्हणजे काय हे दोघींनाही ठाऊक होतं. पुढे २००४च्या डिसेंबरात त्सुनामी आली, नागपट्टणमला आमची तुकडी गेली, तिथे तमिळ साथीदार मिळाले. २००८ साली कोसी नदी कुसहाजवळ बांध फोडून बिहारच्या नव्याच भागात शिरली तेव्हाही आपली माणसं तिथे होती. अशी ही साखळी गावोगावी पसरली आणि तिची एकमेव नोंद कार्यालयातल्या त्या जाड रजिस्टरमध्ये राहिली. नाव, गाव, रक्तगट, घरच्या माणसाचं नाव, फोन नंबर. १९९३चे कितीतरी नंबर शेजारच्या दुकानाचे नाहीतर ग्रामपंचायतीचे आहेत, कारण घरी फोन नव्हते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, आम्हाला कुणी विचारलं नाही. कक्षाची समिती होती, तिचे सभासद हयात आहेत, बैठकीला येऊ शकतात. ठराव त्यांना वाचून दाखवायला हवा होता.

दुसरी तक्रार रजिस्टरची, आणि माझ्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी. आमच्यातल्या एका सहकाऱ्याने नागपट्टणमच्या जुन्या साथीदाराचा पत्ता मागितला तेव्हा कार्यालयाने ‘वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, देता येणार नाही’ असं सांगितलं. २०२३चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा मी वाचला आणि एका वकिलाकडून समजून घेतला. हा कायदा माणसाच्या संमतीवर उभा आहे. ज्याची माहिती आहे त्याला विचारा, तो हो म्हणाला तर द्या, नाही म्हणाला तर देऊ नका. विचारूच नका असं तो कुठेही म्हणत नाही. रजिस्टरमधल्या प्रत्येकाला आपण एक पत्र पाठवू शकता: ‘तुमचा नंबर जुन्या सहकाऱ्यांना दिला तर चालेल का?’ ज्यांचं लग्न मोडलं आहे, ज्यांना जुनं काही नको आहे, ज्यांना भीती आहे, त्यांचं ‘नाही’ आम्ही शिरसावंद्य मानू. पण ज्यांना हवं आहे त्यांच्या वतीनेही आपणच ‘नाही’ म्हणून टाकलं, हे मला मान्य नाही. ती नावं आम्ही विश्वासाने लिहून दिली होती, कारण उद्या कुणाला काही झालं तर कळवता यावं. नावं देण्यामागचा तो हेतूच आपण बाजूला ठेवलात.

‘आता सगळ्यांकडे व्हॉट्सॲप आहे, तुम्हीच गट करा,’ असंही आम्हाला सांगण्यात आलं. गट आहे. ज्यांचे नंबर एकमेकांकडे होते ते त्यात आहेत. जे हरवले ते गटात नाहीत आणि ज्यांना शोधायचं ते हेच हरवलेले लोक. मामांकडे साधा बटणांचा फोन आहे. मावशींचा नंबर मुलाच्या नावावर होता आणि मुलगा पुण्याला गेल्यावर तो बदलला. त्यांचं गाव रजिस्टरमध्ये आहे, आमच्या कुणाच्या फोनमध्ये नाही.

तिसरी, ई-मेल. पत्ते बंद करायला आमची हरकत नाही, पण त्यात वर्षानुवर्षांची पत्रं आणि फोटो होते. ते काढून घ्यायला निदान महिनाभराची मुदत द्यायला हवी होती. एके सकाळी खातं उघडलं नाही आणि सगळं गेलं.

चौथी गोष्ट जुनी आहे. ती या ठरावाने सुरू झाली नाही, पण ठरावाने तिच्यावर शिक्का मारला. परिपत्रकानुसार ‘माजी कर्मचारी’ म्हणजे जे कायम पदावरून निवृत्त झाले ते. अशी माणसं किती? मदतकार्यात कायम पद हेच मुळात दुर्मिळ. पैसा प्रकल्पाचा, प्रकल्प ठरावीक मुदतीचा आणि माणूस प्रकल्पाबरोबर येणारा-जाणारा. आमच्याकडे अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुका होत, मध्ये खंड पडे, पुन्हा नेमणूक. ग्रॅच्युइटीला तेव्हा सलग पाच वर्षांची सेवा लागे, ती बऱ्याच जणांची कागदावर कधीच भरली नाही. निवृत्तिवेतन नाही, वैद्यकीय मदत नाही. त्या पैशांचा वाद मी या पत्रात आणत नाही, तो वेगळा आणि मोठा आहे. पण सास्तूरच्या त्या ताई, गाडीवरचे मामा, दुभाषा मुलगा, कच्छला गेलेले गवंडी, हे आपल्या व्याख्येप्रमाणे आमचे सहकारीच नव्हते. मी कायम पदावर होते म्हणून मला वर्षाला एक शुभेच्छापत्र यायचं. ताईंना कधी आलं नाही. माजी कार्यकर्ता कक्ष ही एकच जागा अशी होती जिथे हा फरक पुसला गेला होता. मेळाव्यात नावाची चिठ्ठी लावताना पद लिहिलं जात नसे, गाव आणि साल लिहिलं जाई. ‘सास्तूर, १९९३’. ‘भचाऊ, २००१’.

पाचवी तक्रार लिहिताना मला जड जातंय. उमरगा तालुक्यातले आमचे एक सहकारी या ठरावानंतर वारले. मदतकार्यात जखमींची नोंद ठेवण्याचं काम त्यांनी केलं होतं, आणि बेवारस मुलांच्या नातेवाइकांचा शोध ते अखेरपर्यंत घेत राहिले. मला बातमी कळली तेव्हा तेरावं होऊन बरेच दिवस लोटले होते. पूर्वी अशी बातमी कार्यालयात आली की कक्षातून फोन जात आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चार-सहा जण तरी त्या घरी पोहोचत असू. घरच्यांनी संस्थेला फोन केला होता. त्यांना सांगण्यात आलं की असा विभाग आता नाही. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, ‘ताई, इतकी वर्षं यांनी ज्यांच्यासाठी काढली त्यांच्यातलं एकही माणूस दारात आलं नाही.’ यावर मी काय बोलणार होते?

आपण कदाचित विचाराल की एवढं काय आहे त्या भेटीत. मी सांगते. आम्ही जे पाहिलं ते घरी सांगता येत नाही. सांगायला लागलं की ऐकणारा घाबरतो नाहीतर कीव करतो. माझ्या मुलांना मी किल्लारीच्या गोष्टी सांगितल्या, पण निवडून सांगितल्या. ढिगाऱ्याखालून येणारा आवाज ऐकू येतोय, हाताशी यंत्र नाही, आणि संध्याकाळपर्यंत तो आवाज थांबतो, हे मी कधीच घरी सांगितलं नाही. मामांना ते सांगावं लागत नाही. मामा तिथे होते. भूकंपग्रस्तांसाठी समुपदेशक आले, ते योग्यच झालं. आमच्या तुकडीला मात्र ‘तुम्हाला झोप लागते का’ असं कुणी विचारलं नाही. आम्ही एकमेकांना विचारत आलो. सप्टेंबरात पाऊस लागून राहिला की आजही फोन सुरू होतात. कुणी फार बोलत नाही. ‘जेवलात का, गोळ्या घेतल्या का’ एवढंच. म्हातारपणी जोडीदार जातो, मुलं दूर असतात, गुडघे साथ देत नाहीत, आणि अशा वेळी जुनं सगळं रात्री वर येतं. तेव्हा ज्याला फोन करायचा त्याचा नंबर आमच्याकडे असायला हवा.

आणि हे केवळ आमच्या मनाच्या समाधानापुरतं नाही. २०१९ला कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हा मिरज भागातल्या आमच्या निवृत्त परिचारिकांनी पाणी ओसरल्यावर लेप्टोचा ताप ओळखायला आशाताईंना मदत केली. एकमेकींना त्या कशा सापडल्या? कक्षाच्या यादीतून. २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीने सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हाहाकार केला तेव्हाही जुन्या माणसांचे फोन सुरू झाले. कोणत्या वाडीला पलीकडून रस्ता आहे, कुठल्या शाळेचा मजला उंच आहे, चाऱ्यासाठी कुणाला विचारायचं, हे नव्या मुलांना सांगणारी माणसं आम्हीच होतो. नकाशात हे नसतं.

सहावी तक्रार कागदपत्रांची. लातूर जिल्ह्यातल्या आपल्या जुन्या केंद्राची जागा सोडायची ठरली आहे. तिथल्या एका खोलीत १९९३-९८च्या रोजनिशा, गावसभांची इतिवृत्तं, फोटोंचे अल्बम आणि दवाखान्याच्या नोंदवह्या आहेत. त्या ‘निर्लेखित’ करायच्या, म्हणजे नोंदीतून काढून टाकायच्या, असं मी ऐकते. यातल्या बऱ्याच रोजनिशा आमच्या हातच्या आहेत. दरवर्षी १९ ऑगस्टला जागतिक मानवतावादी दिनी, म्हणजे २००३मध्ये बगदादच्या कॅनाल हॉटेलमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावरच्या हल्ल्यात २२ माणसं गेली त्या तारखेला, आपण समाजमाध्यमांवर याच अल्बममधले फोटो टाकता. फोटोखाली ‘आमचे निःस्वार्थी कार्यकर्ते’ असं लिहिलेलं असतं. नावं नसतात. त्यांतल्या कित्येकांची नावं मी सांगू शकते. मामा सांगू शकतात. आम्ही आहोत तोवर विचारून घ्या.

आपली अडचण मला ठाऊक नाही असं नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२०मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. त्याचा सगळ्याच संस्थांना फटका बसला. आपद्ग्रस्तांसाठी आलेला पैसा निवृत्तांच्या जेवणावर खर्च होऊ नये, हे मीही म्हणते. पण मेळाव्याचं जेवण आम्ही वर्गणी काढूनच करत होतो. कक्ष म्हणजे अर्धवेळ काम करणारा एक माणूस, एक टेबल, एक फोन. तोही खर्च परवडत नसेल तर हे काम आम्ही विनावेतन करू. निवृत्त लेखापाल आमच्यात आहेत, संगणक येणारे आहेत. आमच्या हाती फक्त ते रजिस्टर हवं.

इतरत्र हे होतं. माजी सैनिकांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे. संयुक्त राष्ट्रांतून निवृत्त झालेल्यांच्या देशोदेशीच्या संघटनांचा महासंघ १९७५पासून काम करतो आहे. आम्ही तेवढं मोठं काही मागत नाही.

मागण्या अशा:

१. रजिस्टरमधल्या प्रत्येक व्यक्तीला, कायम असो वा कंत्राटी वा मानधनावरची, दोन महिन्यांच्या आत संमतीचं पत्र पाठवावं. पत्र मराठीत असावं आणि कच्छ, तमिळनाडू व बिहारच्या साथीदारांना त्यांच्या भाषेत जावं. ज्यांना फोन आहे त्यांना फोन करावा. होकार देणाऱ्यांची यादी माजी कार्यकर्त्यांच्या समितीकडे द्यावी.

२. ‘माजी कार्यकर्ता’ या शब्दाची व्याख्या बदलावी. ज्याने संस्थेच्या मदतकार्यात काम केलं तो माजी कार्यकर्ता, नेमणुकीचा कागद कोणताही असो.

३. निधनाची किंवा गंभीर आजाराची बातमी कार्यालयात आली तर ती त्याच दिवशी समितीला कळवायची जबाबदारी एका नेमक्या व्यक्तीवर सोपवावी.

४. केंद्रातल्या रोजनिशा, अल्बम आणि नोंदवह्या निर्लेखित करू नयेत. आम्ही एकत्र बसून फोटोंना नावं लावू. त्यानंतर रुग्णांची ओळख झाकून हे सगळं जतन करायला एखाद्या शिक्षणसंस्थेकडे द्यावं. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे, लातूरला नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. त्यांच्याशी बोलणी करायला आमची तयारी आहे.

५. बंद केलेल्या ई-मेल खात्यांमधला मजकूर अजून साठवलेला असेल तर तो ज्याचा त्याला द्यावा.

६. वर्षातून एक दिवस संस्थेचं सभागृह आम्हाला वापरू द्यावं. खर्च आम्ही करू.

या मागण्यांवर चर्चेसाठी मंडळाने आम्हाला पुढच्या बैठकीत अर्धा तास द्यावा. समितीचे तीन सभासद आणि मी येऊ. सास्तूरच्या ताईंनाही बरोबर आणण्याचा माझा विचार आहे. त्यांचं नाव आपल्या कर्मचारी यादीत नाही, पण बैठकीत त्यांनी बोलावं आणि आपण ऐकावं अशी माझी विनंती आहे. बैठकीची तारीख ठरली की मला लेखी कळवावं. ३१ जुलैपर्यंत उत्तर आलं नाही तर आम्ही संमतीचं काम आमच्या परीने सुरू करू. गावोगावी जाऊन जुनी माणसं शोधू आणि नवं रजिस्टर तयार करू. आमच्यातले बरेच जण आता सत्तरीच्या पुढे आहेत. या कामाला आमच्याकडे फार वर्षं नाहीत, म्हणून उत्तर लवकर द्यावं.

आपली नम्र,
एक माजी परिचारिका,
सोलापूर